मॅस्लोची गरजश्रेणी आणि त्रिकोणाची आकृती : एक ऐतिहासिक मागोवा

मानवी प्रेरणेविषयीच्या सिद्धांतांपैकी अब्राहम मॅस्लो (१९०८-१९७०) यांचा गरजश्रेणीचा सिद्धांत शिक्षणशास्त्र, वाणिज्य व व्यवस्थापन या शाखांच्या अध्यापकांना विशेष परिचित आहे. हा परिचय बहुधा एका त्रिकोणाच्या द्वारे होतो. तळाशी अन्नपाणी, शिखरावर आत्मवास्तविकीकरण. आकृती फळ्यावर काढली की विषय शिकवून झाला असे वाटते. परंतु ज्या लेखात हा सिद्धांत प्रथम मांडला गेला, त्यात हा त्रिकोण नाही. ही आकृती कोठून आली व तिने मूळ विचारात कोणता फरक घडवला, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

मॅस्लो यांचा 'मानवी प्रेरणेचा सिद्धांत' हा लेख १९४३ साली 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी क्लार्क हल यांचा वर्तनतत्त्वांवरील ग्रंथ आला. त्याचा पाया मुख्यतः प्रयोगशाळेतील उंदरांच्या वर्तनावर रचलेला होता. मॅस्लो स्वतः हॅरी हार्लो यांच्या मार्गदर्शनाखाली माकडांचा अभ्यास करून आलेले. तथापि भुकेल्या प्राण्यावरून मानवी प्रेरणेचे माप काढणे त्यांना मान्य नव्हते.

मूळ लेख वाचताना लक्षात येते ती त्यातील सावधगिरी. एक गरज पूर्ण झाल्याखेरीज दुसरी उद्भवत नाही, हा समज त्यांनी स्वतःच खोडून काढला आहे. सामान्य नागरिकाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, प्रेमाच्या ५० टक्के, आत्मसन्मानाच्या ४० टक्के व आत्मवास्तविकीकरणाच्या १० टक्के भागलेल्या असाव्यात, असे आकडे त्यांनी केवळ उदाहरणादाखल दिले. क्रम उलटण्याचे प्रसंगही त्यांनी नोंदवले असून, तत्त्वासाठी सर्वस्व सोडणारे हुतात्मे त्यांत येतात. येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. त्याच वर्षी १० फेब्रुवारी ते ३ मार्च या काळात पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या महात्मा गांधींनी २१ दिवसांचे उपोषण केले, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. पहिली घटना मॅस्लो यांच्या अपवादात बसते; दुसरी त्यांच्या नियमात.

मराठीत या श्रेणीला कोणी 'उतरंड' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण खालचे मडके काढले की सगळी उतरंड कोसळते. मॅस्लो यांना हे अभिप्रेत नव्हते. प्रारंभीच्या वर्षांत ज्यांच्या गरजा भागल्या, ते पुढे त्यांच्या अभावातही टिकून राहू शकतात, असे ते म्हणतात.

त्रिकोणाचे श्रेय, किंवा दोष, व्यवस्थापनशास्त्राकडे जातो. कीथ डेव्हिस यांनी १९५७ मध्ये या गरजा पायऱ्यांच्या स्वरूपात दाखवल्या. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांच्या ग्रंथाने हा विचार व्यवस्थापकांपर्यंत नेला, आणि त्याच वर्षी चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाने 'बिझनेस होरायझन्स'मध्ये पिरॅमिड छापला. ब्रिजमन, कमिंग्ज व बॅलर्ड यांच्या २०१९ च्या संशोधनाने ही साखळी जुळवून दाखवली. कमी खर्चात कामगारांना प्रेरित कसे करावे, या प्रश्नाला पिरॅमिड सोयीचा होता. मॅस्लो यांनीही या लोकप्रियतेकडे पाठ फिरवली नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात निरीक्षणासाठी राहिले, व त्या टिपणांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले.

पुढे १९७६ मध्ये वाहबा व ब्रिडवेल यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. पाच गरजांच्या ठरावीक क्रमाला त्यांना फारसा आधार आढळला नाही. हा आढावा अर्थात क्रमाविरुद्ध जातो. पण १९४३ च्या लेखातील अपवादांचा भाग जो वाचेल, त्याला तो फारसा धक्कादायक वाटू नये. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मॅस्लो आत्मवास्तविकीकरणाच्याही पलीकडील, 'स्व'ला ओलांडणाऱ्या प्रेरणेविषयी लिहीत होते. फळ्यावरच्या त्रिकोणात मात्र पट्ट्या पाचच राहिल्या आहेत.