थांबलेले हृदय आणि विजेचा खांब

वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न समोर बसलेल्या डॉक्टरमंडळींच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. परंतु जो इतिहास आज सांगावयाचा आहे, त्यात डॉक्टरांच्या जोडीने खांबावर चढणाऱ्या लाइनमनचाही वाटा आहे. तेवढ्या नात्याने आम्ही येथे उभे आहोत.

या विषयाकडे आम्हांला एका मृत्यूने आणले. तरुणपणी एका कारखान्यात आमचा एक सोबती स्विचबोर्डाला चिकटला. मेन स्विच पाडून त्याला सोडविले तेव्हा अंग गरम होते, श्वास नव्हता. शॉकवरील उपचारांचा तक्ता भिंतीवर होता. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४४ व्या नियमाप्रमाणे तो स्थानिक भाषेतही लावणे मालकावर बंधनकारक होते. आमच्याकडचा केवळ इंग्रजीत होता आणि त्यावर तेलाचा थर बसला होता. चित्र पाहून आम्ही त्याला पालथा घातला आणि पाठ दाबीत राहिलो. तो गेला. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, ती रीत शेफर नावाच्या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०३ साली सुचविलेली, आणि तीही केवळ श्वासासाठी. हृदय थांबलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. वैद्यकाने ती केव्हाच टाकली होती. आमच्या भिंतीने टाकली नव्हती.

मेल्यासारख्या पडलेल्या माणसाला परत आणण्याचा संघटित उद्योग प्रथम बुडालेल्यांसाठी झाला. १७६७ साली ॲम्स्टरडॅममध्ये, कालव्यांच्या त्या शहरात, त्यासाठी एक मंडळच निघाले. अंग शेकावे, तोंडाने फुंकर भरावी, असे त्यांचे सांगणे होते. आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडावा, असेही होते! हसू येते खरे, पण फुंकर भरण्याची शहाणी गोष्ट त्यांना कळली होती आणि मागाहून आलेले विद्वान ती विसरले. पुढे १८९२ च्या सुमारास जर्मनीतील गटिंगेन येथे मास नावाच्या डॉक्टरने वरून छाती दाबून हृदय चालू केल्याचे लिहून ठेवले. तेही सुमारे सत्तर वर्षे कपाटात राहिले.

ते कपाट उघडावे लागले ते विजेमुळे. शहरांत तारा आल्या आणि तारांवर माणसे मरू लागली. शॉकने माणूस जळतोच असे नाही. पुष्कळदा हृदयाचे स्नायू एका ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. जिनिव्हामध्ये प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी १८९९ साली कुत्र्यांवर दाखवून दिले होते की, विजेनेच सुरू होणारी ही थरथर विजेच्याच दुसऱ्या झटक्याने थांबते. १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका वीज कंपनीने या मृत्यूंच्या संशोधनासाठी पैसा दिला. आम्ही कंपन्यांचे भाट नव्हे. तो पैसा केवळ दयेपोटी आला असे आम्हांस वाटत नाही. पण आला हे खरे, आणि तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कोवेनहोवेन यांच्यापर्यंत पोहोचला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते.

त्या काळी हृदय थांबले तर शस्त्रक्रियागृहात छाती फाडून ते हातात धरून दाबीत. रस्त्यावर पडलेल्या लाइनमनची छाती कोण फाडणार? म्हणून छाती न उघडता झटका देणारे यंत्र कोवेनहोवेन यांना हवे होते. १९५८ साली ते यंत्र कुत्र्यांवर चालविताना त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या ध्यानात एक क्षुल्लक गोष्ट आली. वीज सोडण्यापूर्वीच, जड इलेक्ट्रोड छातीवर दाबून धरले की मांडीच्या रोहिणीतला रक्तदाब क्षणभर वर जाई. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने सोडले नाही. मग पुनःपुन्हा दाबून पाहिले, कोठे दाबावे, किती जोराने, किती वेगाने, हे ठरविले; जेम्स ज्यूड हे सर्जन येऊन मिळाले. १९५९ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना एका स्त्रीचे हृदय थांबले, ते ज्यूड यांनी छाती न उघडता, वरून दाबून चालू केले. जुलै १९६० मध्ये तिघांनी वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतले चौदा वाचले होते. हे बहुतेक रुग्णालयातले रोगी, हे विसरू नये. रस्त्यावर इतके यश कधीच मिळाले नाही. त्याच शहरात पीटर साफार यांनी स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून, तोंडाने श्वास देणे हे पाठ दाबण्याहून सरस आहे, हे सिद्ध केले होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

१९६७ च्या जुलैत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे रोको मोराबिटो हा वृत्तछायाचित्रकार रेल्वे संपाची छायाचित्रे काढावयास निघाला होता. वाटेत खांबावर रँडल चँपियन हा लाइनमन शॉक लागून पट्ट्याला उलटा लोंबकळताना दिसला. जे. डी. थॉम्पसन हा सोबती वर चढला. तेथे छाती दाबणे शक्यच नव्हते. त्याने तोंडाला तोंड लावून श्वास दिला. मोराबिटोने आधी रेडिओवरून रुग्णवाहिका बोलाविली, मग छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकाला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. चँपियन जगला, २००२ पर्यंत.

साफार नंतर पिट्सबर्गला गेले. तेथे आजाऱ्यास बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत आणि वाटेत उपचार असा नसेच. १९६७ साली हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतल्या बेकार कृष्णवर्णीय तरुणांना त्यांनी शिकविले आणि 'फ्रीडम हाउस' रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते, त्यांनी रस्त्यावर हृदये चालू केली. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि ही बंद केली. नव्या सेवेत यांतले थोडेच टिकले. आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी नोकरकपात पाहिली आहे, त्यांना हे सविस्तर सांगण्याची गरज नाही.

आता जगलेल्याच्या पुढच्या आयुष्याविषयी. रक्त थांबले की थोड्या मिनिटांतच मेंदूची हानी सुरू होते. हृदय चालू होऊनही पुष्कळ जण शुद्धीवर येत नाहीत. २००२ साली युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील दोन अभ्यासांनी सांगितले की, देह ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवल्यास मेंदू वाचतो. जगभर रोग्यांना गार करू लागले. २०१३ साली ९३९ रोग्यांवरील चाचणीत ३३ आणि ३६ अंशांत फरक आढळला नाही. २०२१ मध्ये सुमारे १९०० रोग्यांवर पुन्हा पाहिले. ताप चढू न देणे आणि ३३ अंशांपर्यंत गार करणे यांत सहा महिन्यांनंतरचे मृत्यू सारखेच, जवळजवळ निम्मे. वीस वर्षांचा उपचार डॉक्टरांनीच तपासून त्याचा आग्रह सोडला, हे आम्हांला फार आवडते. आमच्या संघटनांत ठराव मागे घेणे याहून अवघड असते.

आमच्या कारखान्यातला तक्ता बदलून घ्यावयास अकरा महिने आणि तीन निवेदने लागली. नवा मराठीत आहे. युनियनच्या कचेरीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वायरमन पोरे येतात, जमिनीवर कापसाची घट्ट उशी ठेवतात, कोपर ताठ धरून दाबतात, आणि एक जण घड्याळ घेऊन मोजतो : मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दोन मिनिटांत दंड भरून येतात, मग दुसरा बसतो.