कोंकणांतलें क्रूसयुद्ध

बोरिवलीचें मंडपेश्वर लेणें पाहिलेल्या वाचकांस तेथील एक भिंत आठवत असेल. मूळचें शैव शिल्प तासून त्या जागीं भला मोठा क्रूस कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें या लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें. नटराज मात्र झिजलेल्या अंगानें अद्याप तेथेंच आहे. हा क्रूस येथवर आला कसा, हें शोधूं लागलें म्हणजे थेट जेरुसलेमपर्यंत मागें जावें लागतें.

१०९९ त ख्रिस्ती वीरांनीं जिंकलेलें जेरुसलेम ११८७ त सलाहुद्दीनानें परत घेतलें आणि १२९१ त आक्रा पडल्यावर क्रूसयुद्धें संपलीं, असें आपण शाळेंत शिकतों. पोर्तुगालच्या दरबारीं तीं संपलीं नव्हतीं. टेंपलर योद्ध्यांची मालमत्ता घेऊन १३१९ त तेथें ‘ख्रिस्तसंघ’ स्थापन झाला व त्याचाच क्रूस पुढें फिरंगी जहाजांच्या शिडांवर झळकला. तांबड्या समुद्रांतून इजिप्तच्या सुलतानावर घाला घालावा व जेरुसलेम सोडवावें, असें राजा मानुएल याचें स्वप्न होतें. ईश्वरकार्य आणि मिरी हीं दोन्ही एकाच गलबतांत भरलेलीं असत. त्यांतलें जड ओझें कोणतें, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

मार्च १५०८ त हें युद्ध आपल्या चौलच्या खाडींत आलें. इजिप्तचा सरदार अमीर हुसेन व गुजराथच्या सुलतानाचा दीव येथील अधिकारी मलिक अयाज यांनीं व्हाइसरॉय आल्मेइदाच्या तरुण मुलास, लोरेंसोस, गांठलें. तोफेच्या गोळ्यानें पाय मोडला असतां तो डोलकाठीपाशीं बसून हुकूम देत राहिला आणि तेथेंच पडला. हातीं लागलेल्या फिरंग्यांस मलिक अयाजानें चांगलें वागविलें.

बापानें मात्र सूड उगविला तो दाभोळावर! दाभोळ विजापूरकरांचें, चौलच्या लढाईशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बायकामुलांसुद्धां कत्तल करून तें शहर जाळण्यांत आलें. ही हकीकत पोर्तुगीज बखरकारांनींच लिहून ठेविली आहे, म्हणून तिजवर शत्रूच्या अतिशयोक्तीचा आरोप करतां येत नाहीं. आल्मेइदाच्या शौर्याचीं वर्णनें वाचतांना आम्हांस दाभोळ विसरतां येत नाहीं.

फेब्रुवारी १५०९ त दीवपाशीं इजिप्तच्या आरमाराचा धुव्वा उडाला. परंतु त्या आरमाराच्या बाजूस कालिकतच्या हिंदु सामुरीचीं गलबतें होतीं, आणि मिरीचा व्यापार बुडाला म्हणून ख्रिस्ती व्हेनिसच्या सदिच्छाहि सुलतानाकडेच होत्या. मलिक अयाजानें तर लढाई संपतांच कैदी परत करून तह केला. नेत्यांच्या तोंडीं धर्म होता खरा. पण मैत्रीची आणि वैराची रेघ धर्माच्या रेघेशीं क्वचितच जुळली.

याचें सर्वांत ठळक उदाहरण आपल्या उपनगरांचेंच आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड हीं सर्व साष्टी बेटावरचीं. हें बेट तेव्हां गुजराथच्या बहादुरशहाकडे होतें. हुमायून मोंगल त्याच्यावर चालून आला, तेव्हां एका मुसलमान बादशहाच्या भयानें या मुसलमान सुलतानानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई, साष्टी व मुंबई बेटें गव्हर्नर नुनो द कुन्या यास तहानें देऊन टाकलीं. ज्या गांवांची ही देवघेव झाली त्या गांवच्या कोळ्याकुणब्यांस कोणीं विचारलें नाहीं, हें सांगणें नकोच. पुढच्याच वर्षीं हुमायूनापुढें पळ काढून तो दीवला आला व फिरंग्यांच्या मदतीच्या आशेनें त्यांस तेथें किल्ला बांधूं दिला.

संकट टळल्यावर त्यास पश्चात्ताप झाला. परंतु किल्ला उभा राहिला होता. फेब्रुवारी १५३७ त तो नुनोच्या भेटीस त्याच्या जहाजावर गेला आणि परततांना झालेल्या झटापटींत समुद्रांतच मारला गेला. साष्टी फिरंग्यांकडेच राहिली, ती दोनशें वर्षांनीं, १७३७ त, मराठ्यांनीं ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत.