पब्लिकच्या आवाजामुळे टॉस दोनदा उडवावा लागला होता. वानखेडेवर रात्रीची मॅच बघायला जाताय तर हे वाचून जा

तारीख २ एप्रिल २०११. वानखेडेवर वर्ल्डकपची फायनल, भारत विरुद्ध श्रीलंका. धोनीनं नाणं उडवलं, संगकारा काहीतरी बोलला, पण काय बोलला ते मॅच रेफरी जेफ क्रो यांना ऐकूच आलं नाही. पब्लिकचा आवाजच तेवढा होता. शेवटी टॉस पुन्हा करावा लागला.

मुळात हे स्टेडियम उभं राहिलं तेच तिकिटांच्या भांडणातून. आधी मुंबईतल्या टेस्ट ब्रेबॉर्नवर व्हायच्या. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला किती तिकिटं द्यायची यावरून दोघांत वाजायचं. मग शेषराव वानखेडे यांनी पुढाकार घेतला आणि तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर नवं स्टेडियम बांधलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध इथं पहिली टेस्ट झाली. आज साधारण ३३ हजार लोक बसतात.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा जाणारे बरेच जण तासाभरात मोठ्या स्क्रीनकडंच बघत बसतात. हजारो रुपये मोडून टीव्हीच बघायचा असेल तर घरचा सोफा काय वाईट? मैदानावर कुठं बघायचं हे माहीत पाहिजे.

तिकीट काढतानाच ठरवा. गरवारे पॅव्हेलियन एंड किंवा टाटा एंड, म्हणजे बॉलरच्या पाठीमागची जागा मिळाली तर बॉल किती वळला ते कळतं. बाजूच्या स्टँडमधून वळण दिसत नाही, पण बॉलचा टप्पा आणि वेग दिसतो. आणि फक्त दंगा करायचा असेल तर नॉर्थ स्टँड. तिथं क्रिकेट कमी आणि घसा जास्त लागतो.

उंच उडालेला प्रत्येक बॉल स्टँडमधून सिक्सच वाटतो. अशा वेळी बॉलकडं नाही, फिल्डरकडं बघा. तो थांबून वर बघत असेल तर समजायचं, कॅच आहे. अजून एक गंमत. तुम्ही पिचपासून १०० मीटरवर असाल तर शॉट आधी दिसतो आणि बॅटचा 'टक्' साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं ऐकू येतो. अर्थात शेजारचा भोंगा वाजवत नसेल तर.

रात्रीच्या मॅचची खरी गोष्ट मात्र दुसऱ्या डावात चालू होते. सूर्य मावळला की गवत थंड होतं आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. वानखेडेला तर समुद्र शेजारीच, हवेत दमटपणा कायमचा. बॉल ओला झाला की स्पिनरच्या बोटातून सटकतो, यॉर्कर टाकायला गेलं की फुलटॉस पडतो. म्हणून कॅप्टन टॉस जिंकून आधी बॉलिंग घेतात. टीव्हीवर कॉमेंटेटर 'ड्यू फॅक्टर' म्हणून मोकळे होतात, पण स्टँडमधून ते डोळ्यांनी दिसतं. डावांच्या मधल्या वेळेत मैदानावर दोर ओढत फिरणारी माणसं दव झाडत असतात. नंतर बॉलर प्रत्येक बॉलआधी टॉवेल मागायला लागला की समजा, मॅच बॅटिंगवाल्यांकडं झुकायला लागली. ही अडचण ओळखूनच आयपीएलनं २०२५ पासून दुसऱ्या डावात बॉल बदलण्याची सोय केली.

बाकी तयारी थोडकी. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग हे सहसा आत सोडत नाहीत आणि गेटवर सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. तिकिटावरचा गेट नंबर आधीच बघा, चुकीच्या गेटवर गेलात तर अर्ध्या स्टेडियमला वळसा पडतो.

आणि परतताना घाई नको. जून २०२५ मध्ये बंगळुरूत चिन्नास्वामीबाहेर, आरसीबीच्या विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. तिथं मॅचसुद्धा नव्हती. गर्दीनं ढकलायला सुरुवात केली तर तिच्या विरुद्ध रेटू नका, तिरकं सरकत कडेला या. लहान पोरं सोबत असतील तर शेवटच्या बॉलनंतर पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसा. नंतर मरीन लाइन्सपेक्षा चर्चगेट गाठा, लोकल तिथूनच सुटते, बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. फक्त शेवटच्या लोकलची वेळ मॅचला निघण्याआधीच बघून ठेवा, सुपर ओव्हर झाली तर वेळेचा काही भरवसा नाही.