मालमत्ता तारण कर्जावरील व्याजाची करवजावट

मालमत्ता तारण कर्जावरील व्याजाची करवजावट ही घर वा अन्य स्थावर मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर भारतीय प्राप्तिकर कायद्यानुसार मिळणारी सवलत होय. ती तारण काय ठेवले यावर नव्हे, तर कर्जाची रक्कम कशासाठी वापरली यावर ठरते.

तरतुदी

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४(ब) नुसार घराची खरेदी, बांधकाम, दुरुस्ती, नूतनीकरण वा पुनर्बांधणी यांसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज घरमिळकतीच्या उत्पन्नातून वजा होते. स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदी वा बांधकामासाठी वार्षिक मर्यादा २ लाख रुपये आहे; दुरुस्ती व नूतनीकरणासाठी ती ३० हजार रुपये असून याच २ लाखांत धरली जाते. व्यवसायात वापरलेल्या कर्जाचे व्याज कलम ३६(१)(३) नुसार व्यवसायखर्च ठरते व त्याला अशी मर्यादा नाही. मात्र मालमत्ता वा यंत्रसामग्री विकत घेतल्यास ती वापरात येईपर्यंतचे व्याज तिच्या भांडवली किमतीत मिळवावे लागते. विवाह, प्रवास यांसारख्या वैयक्तिक खर्चासाठी वजावट मिळत नाही.

कलम ११५बीएसीमधील नवी करप्रणाली स्वीकारल्यास राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. व्यवसायातील व्याजाची मिळते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी विनियोगाचे तत्त्व कायम आहे.

कोल्हापूरच्या संदर्भात

कोल्हापूर परिसरात या भेदाचे परिणाम स्पष्ट दिसतात. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम व यंत्रभागांचे कारखाने आहेत. एखाद्या कारखानदाराने राहते घर तारण ठेवून कच्च्या मालासाठी कर्ज घेतल्यास त्याचे संपूर्ण व्याज व्यवसायखर्चात धरता येते. याउलट २०१९ व २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरानंतर राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी तेवढेच कर्ज घेणाऱ्यास, व्याज कितीही असले तरी, जुन्या करप्रणालीत ३० हजार रुपयांपर्यंतच वजावट मिळते. हेच कर्ज मुलीच्या लग्नासाठी वापरल्यास काहीच मिळत नाही.

पुरावा

रकमेचा विनियोग सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावर असते. त्यासाठी बँक खात्याचा उतारा, देयके, पावत्या आणि बँकेचे व्याज प्रमाणपत्र उपयोगी पडते. रक्कम अनेक कामांसाठी वापरली असल्यास व्याजाची त्या प्रमाणात विभागणी करावी लागते.

अन्य देश

अमेरिकेतही २०१८ पासून घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे व्याज, ती रक्कम त्याच घराची खरेदी, बांधकाम वा मोठ्या सुधारणेसाठी वापरली असेल तरच, गृहकर्जाचे व्याज म्हणून वजा होते.