निवडीचा अधिकार : जोडणीच्या संगणकाची पूर्वपीठिका

अक्कलकोटाहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व हद्दीजवळ, मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्याच्या बाजारात व माजघरात सारख्याच सहजतेने नांदत आल्या आहेत, असे मैंदर्गी हे जुने कसब्याचे गाव आहे. अशा गावातील एखादा विद्यार्थी खेळ खेळण्यासाठी, चित्रपट पाहण्यासाठी आणि गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी स्वतःच्या हाताने जोडलेला संगणक घ्यावयाचे मनात आणतो आणि प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट अशी यादी वहीच्या पानावर मांडू लागतो, तेव्हा ती त्याला केवळ चालू भावांची आणि स्वतःच्या ऐपतीची बाब वाटते. परंतु त्या यादीतील प्रत्येक जिनसापुढे दोनचार पर्याय लिहिता यावेत, एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या भागाशी निर्धोकपणे जुळावा आणि ही निवड कोणा मक्तेदाराच्या मर्जीवर अवलंबून नसावी, हा अधिकार काही धोरणांनी, काही बाजारपेठांनी आणि पुष्कळशा अनाम कारागिरांच्या श्रमांनी त्याच्या हाती दिलेला आहे. त्याची हकीकत सांगावयाची ती अशासाठी की, आपल्या अधिकाराचे मूळ ज्याला ठाऊक असते तो त्याचा उपयोगही अधिक विचाराने करतो.

मैंदर्गीचे भौगोलिक स्थान या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या लोहमार्गास मिळाला. त्यामुळे शेजारचे दुधनी स्टेशन पश्चिम आणि दक्षिण हिंदुस्थानास सांधणाऱ्या एका मोठ्या वाहतुकीच्या मार्गावर आले. पुणे आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे येथून जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात, आणि म्हणूनच या भागातल्या माणसाला पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली व सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर या दोन्ही ठिकाणचे भाव काढून मग सोलापूरच्या दुकानदाराशी बोलणी करणे शक्य होते. हद्दीवरच्या गावाला दोन पेठांचा लाभ मिळतो, हा व्यापाराचा जुना अनुभव संगणकाच्या बाबतीतही खरा ठरतो.

यंत्राला आज्ञा देण्याची कल्पनासुद्धा या जिल्ह्यास परकी नव्हती. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या गिरणीपासून सोलापूरचे आधुनिक वस्त्रोद्योगी जीवन सुरू झाले, आणि पुढे ज्या चादरीमुळे या शहराचे नाव दूरदूर गेले तिची नक्षी जकार्डवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर, विणली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये सिद्ध झालेली हीच युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथने छिद्रांकित पत्रांवर लोकसंख्येचा हिशेब केला. पुठ्ठ्यातील छिद्राने कोणता धागा उचलावा हे ठरविणारा सोलापूरचा विणकर आणि संगणकास आज्ञावली देणारा अभियंता हे एकाच वंशवृक्षाच्या दोन शाखांवर उभे आहेत.

सुट्या भागांतून यंत्र जोडण्याची सवय मात्र महाराष्ट्रास लावली ती रेडिओने. ज्या काळात घरातल्या रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, त्या काळातही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत कॉइल, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि स्पीकर मिळत असत, आणि डाख देण्याचे कसब अंगी असलेला तरुण त्यांतून आपला संच उभा करीत असे. याच कारागिरीतून पुढे संगणक दुरुस्तीचा व्यवसाय निघाला. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून ज्यांनी सुरुवात केली त्या कैलास काटकर यांनी १९९० च्या दशकात संगणकांच्या देखभालीचा व्यवसाय उभारला, त्यांचे बंधू संजय यांनी विषाणूंचा बंदोबस्त करणारी आज्ञावली रचली, आणि ‘क्विक हील’ हे नाव देशभर पोहोचले. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर केवढी विद्या साठलेली असते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

जोडणीच्या संगणकाचा खरा जन्म मात्र ऑगस्ट १९८१ मधला. त्या महिन्यात आयबीएम कंपनीने बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक घाईने सिद्ध केलेला होता; त्याचा प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि इतरही बरेचसे भाग बाहेरून खरेदी केलेले होते. इतकेच नव्हे, तर त्याच्या मंडलांचे आराखडे कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, जेणेकरून इतरांना त्यात बसणारी कार्डे तयार करता यावीत. संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या मूळ बायॉस आज्ञावलीवर तेवढा कंपनीचा स्वामित्वहक्क राहिला होता. परंतु कॉम्पॅकने, आणि त्यानंतर १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने, तिची नक्कल न करता तेच कार्य करणारी स्वतंत्र बायॉस रचली, आणि मग तैवानातील कारखान्यांना मदरबोर्ड व कार्डे यांचा प्रचंड व्यापार मोकळा झाला.

भारतात हे वारे पोहोचण्यास राज्यकारभाराची दारे उघडावी लागली. परकीय भांडवलाविषयीच्या कायद्याची अट मान्य न झाल्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये येथील कारभार गुंडाळला होता, आणि तोवर सुरू झालेल्या एचसीएलसारख्या व त्यानंतर मुंबईत निघालेल्या झेनिथसारख्या देशी कंपन्यांनी ती जागा भरून काढण्यास आरंभ केला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने व कर सैल केले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी परवान्यांचे जाळे विरळ केले. आणि १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील होण्याचे मान्य केल्यावर संगणक व त्याचे भाग यांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. जो भाग पूर्वी साहेबाच्या कचेरीतच दिसावयाचा तो तालुक्याच्या गावी दुकानाच्या फळीवर येऊन बसला, त्याचे श्रेय या तीन पायऱ्यांना द्यावे लागेल.

या काळाच्या पूर्वार्धातील कारागिराचे काम आज कल्पनेनेही समजणे कठीण आहे. वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, मदरबोर्डकडे येणाऱ्या पी-८ आणि पी-९ या दोन जोडण्या आकाराने इतक्या सारख्या असत की त्या उलटसुलट बसविता येत, आणि तशा बसविल्या तर बोर्ड क्षणात जळून जाई. म्हणून दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत, हा नियम गुरूकडून शिष्याने पहिल्या दिवशी शिकावयाचा असे. प्रोसेसरचा वेग बोर्डावरच्या बारीक जंपरांनी ठरे, आणि चिमट्याने जंपर हलविताना पुस्तिकेतील कोष्टक शेजारी उघडे ठेवावे लागे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली, वीस पिनांची एकच जोडणी एकाच रीतीने बसू लागली, आणि काळ्या तारांचा तो मंत्र निवृत्त झाला.

मराठी वाचकाने एका कार्डाचे स्मरण विशेष आदराने ठेवले पाहिजे. कानपूरच्या आयआयटीत ज्याचा पाया घातला गेला आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ज्याचा विकास झाला, ते जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसविले की इंग्रजीसाठीच रचलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटू लागत. आपल्या लिपीचा संगणकात प्रवेश असा एका सुट्या भागाच्या रूपाने झाला. खाच मोकळी होती म्हणून भाषेलाही जागा मिळाली.

मनोरंजनाचा संगणक म्हणजे काय, याची व्याख्या १९९१ मध्ये प्रथम लेखी स्वरूपात झाली. मल्टिमीडिया पीसी या मानकानुसार ३८६ एसएक्स प्रोसेसर, २ मेगाबाइट रॅम, ३० मेगाबाइटची हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एवढे साहित्य पुरेसे मानले गेले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टर कार्डाने खेळांना आवाज दिला, आणि पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ ही तिकडी त्या काळच्या खेळाडूंना पाठ असे. १९९६ च्या व्हूडू कार्डाने आणि १९९९ च्या जीफोर्स २५६ ने त्रिमिती चित्रांचा भार प्रोसेसरच्या खांद्यावरून उतरविला. तेव्हापासून खेळासाठी घ्यावयाच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा खर्चाचा मुख्य रकाना होऊन बसला.

या इतिहासातून आजच्या यादीसाठी जो धडा निघतो तो समतोलाचा आहे. सर्वांत वेगवान प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्डास पैसे उरू न देणारा आणि उत्तम कार्ड घेऊन त्याला निकृष्ट एसएमपीएस जोडणारा, हे दोघेही आपल्याच पैशाचे मूल्य घटवितात. प्रथम पडदा किती सूक्ष्म आहे आणि कोणते खेळ खेळावयाचे आहेत हे निश्चित करावे. त्यावरून कार्ड, कार्डावरून प्रोसेसर, प्रोसेसरच्या सॉकेटवरून मदरबोर्ड, आणि या सर्वांच्या वीजमागणीवरून एसएमपीएस ठरवावा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून बोर्ड कोणता हे ठरण्यापूर्वी रॅम घेऊ नये. आणि १६ गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्यास दोन मार्गांनी माहिती वाहते, याचा लाभ विशेषतः ज्याच्या प्रोसेसरमध्येच चित्रशक्ती अंतर्भूत आहे त्याला स्पष्ट जाणवतो. ऐपत बेताची असेल तर असा प्रोसेसर आज घेऊन स्वतंत्र कार्ड पुढच्या वर्षावर टाकावे. सुट्या भागांच्या रचनेत अशी मुभा असते, हेच तिचे थोरपण आहे.

मैंदर्गीसारख्या गावी या नियमांत आणखी दोनतीन कलमे वाढवावी लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आणि मळणीच्या दिवसांत हवेत भुसा व धूळ भरणाऱ्या या मुलखात शोभेच्या काचेपेक्षा समोरून हवा घेणारी जाळी आणि धुऊन लावता येणारी गाळणी असलेले कॅबिनेट अधिक मोलाचे आहे. वीज येते-जाते तेथे यूपीएस हा चैनीचा जिन्नस राहत नाही. आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे अर्थिंग. जुन्या घरात तीन छिद्रांचे सॉकेट भिंतीत असते, पण त्याच्या तिसऱ्या छिद्रामागे पुष्कळदा तारच नसते, आणि मग कॅबिनेटला हात लावताच बोटांना मुंग्या येतात. अंगणात खड्डा घेऊन कोळसा व मीठ घातलेले अर्थिंग करून घ्यावे, आणि काळ्या मातीला भेगा पडू लागल्या की त्या खड्ड्यात पाणी सोडावे. हजारो रुपयांच्या कार्डाचे आणि त्याला हात लावणाऱ्या माणसाचेही रक्षण या अल्प खर्चाने होते.

हा सारा विषय आज अगत्याने मांडण्याचे कारण असे की, ही मुभा आता आकुंचित होत आहे. पुष्कळशा नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन बसविलेली असते, आणि मोबाइलची बॅटरी बदलण्यासही कारागीर लागतो. वापरणे सोपे झाले, परंतु आत काय आहे आणि ते तेथे का आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याबरोबर क्षीण होत चालली आहे. म्हणून मैंदर्गीच्या विद्यार्थ्याने आपली यादी दुसऱ्याकडून तयार करून घेऊ नये. चार जाणत्यांशी मसलत करावी, दोन्हीकडच्या पेठांचे भाव काढावेत, प्रत्येक भागाचे पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवावा. पण कोणत्या जिनसाची निवड का केली, याचे कारण त्याच्यापुढे स्वतःच्या हाताने लिहावे. ज्या यादीतील प्रत्येक ओळीचे कारण मालकाला सांगता येते, तिच्यातून जोडलेला संगणक बिघडला तरी त्याला तो दुरुस्त करता येतो, जुना झाला तरी वाढविता येतो. आणि जे यंत्र मालकाला उलगडून पाहता येते, तेच खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचे असते.