साखर, द्राक्ष आणि कांदा: रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचा इतिहास

१/
नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की ओझरच्या पुढे निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत लागते. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांची ही मोठी बाजारपेठ. या परिसरात पिकणाऱ्या तीन पिकांना काळाने तीन वेगवेगळ्या मुदती दिल्या आहेत. तोडलेल्या उसाच्या हाती काही तास असतात, खुडलेल्या द्राक्षाच्या हाती काही दिवस आणि उन्हाळ कांद्याच्या हाती काही महिने. या मुदती कोण ठरवते? या प्रश्नामागे रसायनशास्त्राचा एक रंजक इतिहास आहे.

२/
अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष मुख्यतः एका प्रश्नाकडे होते: कोणता पदार्थ कोणाशी संयोग पावतो? फ्रान्समधील जोफ्रुआ याने १७१८ मध्ये पदार्थांच्या परस्पर आकर्षणाचा तक्ता मांडला. त्यात कोण कोणाला बाजूला सारतो हे दिसत होते. त्याला किती वेळ लागतो हे मात्र दिसत नव्हते. रसायनशास्त्राच्या हाती अजून घड्याळ आलेले नव्हते.

३/
ते घड्याळ आणले जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मी याने, १८५० मध्ये. त्यासाठी त्याने निवडली उसाची साखर. साखरेच्या द्रावणात आम्ल घातले की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करांत विघटन होते. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते, तर हे मिश्रण डावीकडे. म्हणूनच या अभिक्रियेला साखरेचे ‘उलटणे’ म्हणतात. प्रकाश किती वळला हे मोजून, द्रावणाला हातही न लावता, किती साखर उरली हे विल्हेल्मीला कळत गेले.

४/
त्याला आढळले ते असे: कोणत्याही क्षणी साखर घटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. द्रावण दाट असताना वेग जास्त, साखर संपत आली की वेग मंद. संहतीचा हा प्रभाव पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी व्यापक नियमाच्या रूपात मांडला. विल्हेल्मीचे काम अनेक वर्षे दुर्लक्षित राहिले. नॉर्वेजियन भाषेत छापलेल्या या दोघांच्या लेखाचीही प्रारंभी फारशी दखल घेतली गेली नाही.

५/
विल्हेल्मीच्या भांड्यात घडलेली अभिक्रिया निफाड तालुक्यातील शेतकऱ्याला वेगळ्या वाटेने भेटते. ऊस तोडल्यावर त्याच्यातीलच ‘इन्व्हर्टेज’ हे विकर साखर उलटवू लागते. ऊन वाढले की काम आणखी वेगाने होते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळावा असे सांगितले जाते. गाळपानंतरही धोका संपत नाही. रस मुळात आम्लधर्मी, त्यात तो तापवायचा. कारखान्यात रसात चुना मिसळतात तो गाळ खाली बसवण्यासाठी आणि आम्लता मोडून साखर वाचवण्यासाठीही. गुऱ्हाळात चुन्याची निवळी वापरण्यामागेही हेच रसायन आहे.

६/
उष्णतेने वेग वाढतो हे सर्वांना दिसत होते. किती वाढतो, हे सूत्रात बांधायचे होते. नेदरलँड्सच्या व्हांट हॉफ याने १८८४ च्या आपल्या ग्रंथात त्याचा पाया घातला. त्यातून एक ढोबळ नियम रूढ झाला: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक, १९०१ चे, त्यालाच मिळाले.

७/
पण एक कोडे उरले. १० अंशांनी रेणूंची गती किंचितच वाढते, मग वेग दुप्पट कसा? १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस याने उत्तर दिले, आणि तेही पुन्हा उसाच्या साखरेवरच्या लेखात. सर्वच रेणू अभिक्रियेत भाग घेत नाहीत; ऊर्जेचा विशिष्ट उंबरठा ओलांडणारे थोडेच रेणू घेतात. तापमान जरासे वाढले, तरी उंबरठा ओलांडणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते.

८/
या उंबरठ्याचे महत्त्व द्राक्ष बागायतदाराला चांगले ठाऊक आहे. द्राक्ष खुडल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही, त्याची गोडीही वाढत नाही; पुढे होते ती केवळ झीज. महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभारली. निर्यातीच्या या व्यवस्थेत पूर्वशीतकरण आणि शीतगृहे यांना मध्यवर्ती स्थान होते. ३० अंशांचा घड शून्य अंशाजवळ आणणे म्हणजे दहा-दहा अंशांच्या तीन पायऱ्या उतरणे. वरच्या नियमाने झिजेचा वेग ८ व्या ते २७ व्या हिश्शावर येतो. समुद्रमार्गे युरोप गाठण्यासाठी लागणारे आठवडे या पायऱ्यांतून मिळतात.

९/
तिसरा घटक उत्प्रेरक. स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग बदलणाऱ्या पदार्थांसाठी बर्झेलियस याने १८३५ मध्ये ही संज्ञा रूढ केली. विल्हेल्मीच्या प्रयोगातील आम्ल हा उत्प्रेरकच होता. १९१३ मध्ये लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचे सूत्र मांडले, तेही उसाची साखर उलटवणाऱ्या इन्व्हर्टेजवरच्या प्रयोगांतून. १८५०, १८८९, १९१३: तीन टप्पे आणि पदार्थ एकच.

१०/
विकराचा सर्वांत परिचित अनुभव कांदा देतो. अखंड कांदा डोळ्यांना त्रास देत नाही, कारण त्याच्या पेशींत गंधकयुक्त संयुगे एका कप्प्यात आणि ‘ॲलिनेज’ हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरताच कप्पे फुटतात आणि काही क्षणांत डोळ्यांत पाणी येते. जितका बारीक चिरावा, तितक्या अधिक पेशी फुटतात आणि संपर्काचे क्षेत्र वाढते. हा वेगाचा चौथा घटक. गार केलेला कांदा कमी रडवतो, तो तापमानाच्या त्याच नियमामुळे.

११/
अखंड कांदाही शांत नसतो. तो श्वसन करतो, साठवलेली शर्करा जाळतो, पाणी गमावतो. पिंपळगाव बसवंत येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. ‘बसवंत-७८०’ या खरीप वाणाच्या नावात हे गाव आजही आहे. खरीप कांदा फार टिकत नाही, तर ‘एन-२-४-१’ सारखा रब्बी वाण काही महिने टिकतो. पात सुकवून, मान मिटवून, कोरड्या पापुद्र्यासह तो चाळीत भरतात. चाळीचा उंच तळ आणि जाळीदार भिंती हवा खेळती ठेवतात, त्यामुळे ऊब आणि ओल साचत नाही.

१२/
मग कांदाही द्राक्षासारखा थंड का ठेवत नाहीत? येथे केवळ रसायनाचा नियम पुरत नाही. कांदा शून्य अंशाजवळ टिकतो आणि २५ ते ३० अंशांतही टिकतो. मधल्या, १० ते २० अंशांच्या गारव्यात मात्र त्याला लवकर कोंब फुटतात. शीतगृहातून बाहेर काढलेला कांदाही लवकर अंकुरतो. सजीवात हजारो अभिक्रिया परस्परांवर अवलंबून असतात. एकीला मंद करताना दुसरीला वाट मोकळी होऊ शकते.

१३/
कोंबांवर वेगळा उपाय जवळच्या लासलगावात झाला. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. गॅमा किरणांची अल्प मात्रा कांद्याच्या कोंबातील पेशींचे विभाजन थांबवते. अंकुर थांबतो, श्वसन मात्र थांबत नाही, वजनातील घट आणि सड यांचा धोका उरतोच. म्हणून विकिरणानंतरही योग्य साठवण लागतेच.

१४/
उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि नवा खरीप कांदा येईपर्यंत देशाला पुरवावा लागतो. आवक दाटली की भाव पडतात. ज्याच्याकडे चांगली चाळ आहे, तो विक्रीचा दिवस काही प्रमाणात स्वतः निवडू शकतो; ज्याच्याकडे नाही, त्याला मिळेल त्या भावाला ट्रॅक्टर रिकामा करावा लागतो. संहती, तापमान, उत्प्रेरक, संपर्काचे क्षेत्र: पाठ्यपुस्तकातील हे चार घटक बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याच्या सौदाशक्तीचे घटक होतात. झीज कोणालाच थांबवता आलेली नाही. ती किती मंद करता येते, यावर मात्र अनेक घरांचे वर्ष अवलंबून असते.