दोष हवामानाचा नव्हे, व्यवस्थेचा : गर्भवतीचा ताप आणि १९२८ ची मुंबई

मलेरिया, टायफॉईड यांना 'उष्ण कटिबंधातले रोग' म्हणायची पद्धत आहे. या नावातच एक सोयीस्कर लबाडी आहे. रोगाला हवामान जबाबदार ठरले की मालक, सरकार आणि समाज तिघेही सुटतात. मग पाड्यावरची गर्भवती तापाने गेली तर ते तिचे नशीब, फार तर तिचे अज्ञान!

इतिहास वेगळेच सांगतो. इंग्लंडच्या केंट आणि एसेक्समधल्या दलदलीत एकोणिसाव्या शतकापर्यंत मलेरिया होता. टायफॉईड लंडनमध्येही माणसे मारत होता. तिथले हवामान उलटेपालटे झाले नाही. दलदली आटवल्या गेल्या, गटारे बांधली गेली, पिण्याचे पाणी शुद्ध झाले, घरे सुधारली.

गर्भारपणात या रोगांचा मार दुहेरी बसतो. मलेरियाचे परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यातले फाल्सिपेरम जातीचे परजीवी वारेत साठतात, बाळाचे पोषण तुटते आणि ते कमी वजनाचे जन्मते. टायफॉईड दूषित पाण्यातून व अन्नातून येतो आणि गर्भालाही धोका करतो. पण डास आणि जंतू हे अर्धेच कारण. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तोच ताप जीवघेणा ठरतो. मग तिचे रक्त आधीच कमी का?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मुंबईत सापडला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास करायला इथे आली. त्यालाही 'उष्ण कटिबंधातला पांडुरोग' म्हणत. यीस्टचा साधा, स्वस्त अर्क दिल्यावर गरीब बायांचे रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. आज आशाताई गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडची जी गोळी देतात, तिचे एक मूळ या संशोधनात आहे. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता, रिकाम्या ताटाचा होता.

त्याच वर्षी गिरण्यांचा मोठा संप चालू असताना, २८ जुलैला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा. तो भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला.

या दोन घटनांचा थेट संबंध नव्हता. पण एकीने दाखवले की गर्भवतीचा रोग गरिबीतून येतो, आणि दुसरीने ठरवले की त्याची जबाबदारी कोणाची.

१९६१ चा देशव्यापी कायदा मुख्यतः कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरताच राहिला. ऊसतोडीच्या फडात किंवा वीटभट्टीवर राबणारी आपली बहीण त्याच्या बाहेरच राहिली. गडचिरोलीत आजही मलेरिया आहे. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. म्हणून कार्यकर्त्यांनी नुसत्या मच्छरदाण्या वाटून थांबू नये. रक्ततपासणी, शुद्ध पाणी, पोटभर अन्न आणि पगारी विश्रांती ही भीक नव्हे, हक्क म्हणून मागावी.

जय भीम!